उघड्यावरची गुपितं

माझ्या सासूबाई भेटेल त्याला सांगायच्या, "आमच्या सूनबाईला दिवसभर फोन बघायचा पगार मिळतो." त्या सांगण्यात अर्धी तक्रार असायची आणि अर्धा अभिमान. त्यांचं काही चुकत नव्हतं. ठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत, खाकऱ्याच्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर आमचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं आणि तिथे बसून मी परक्या देशांच्या सैन्याची माहिती गोळा करायचे. हेरगिरी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे काळा चष्मा आणि लांब कोट येतो. माझ्याकडे वाचायचा चष्मा, सुती साडी आणि डब्यात भेंडीची भाजी होती.

निवृत्त होऊन वर्ष होत आलं तरी सोसायटीतल्या बायका अजून आवाज खाली आणून विचारतात, "अहो, नेमकं काय करायचात तुम्ही?" म्हणून ते आधी सांगून टाकते. आमचं काम उघड्यावरच्या माहितीचं. वर्तमानपत्रं, सरकारी निविदा, नोकरीच्या जाहिराती, कुणालाही विकत मिळणारी उपग्रहाची छायाचित्रं, आणि सगळ्यात मोठी खाण म्हणजे लोकांनी आपण होऊन फेसबुक-इन्स्टाग्रामवर टाकलेलं. एखाद्या सैन्याने लोकरी मोज्यांची भलीमोठी निविदा काढली की समजायचं, कुणीतरी थंडीत जायला निघालंय. रणगाडे ताडपत्रीखाली झाकतील, पण मोज्यांची निविदा झाकायचं कुणाच्या डोक्यातही येत नाही.

आमचे मालक निवृत्त कर्नल होते. त्यांनी पहिल्याच दिवशी मला बजावलं, "बाई, ज्या दाराला कुलूप आहे ते दार आपलं नाही. खोट्या नावाने कुणाशी मैत्री करायची नाही, कुणाचा पासवर्ड शोधायचा नाही. चव्हाट्यावर पडलंय तेवढंच उचलायचं. आणि एकाच फोटोवर भरवसा ठेवायचा नाही." त्याआधी मी कल्याणच्या एका कॉलेजात भूगोल शिकवायचे. समोच्च रेषा शिकायला मुलांना कंटाळा यायचा, कर्नलसाहेबांना मात्र त्याच हव्या होत्या. कुणी सैनिक ऐटीत स्वतःचा फोटो टाकतो तेव्हा तो आपली मिशी बघत असतो आणि मी त्याच्या मागची डोंगराची कड. ती कड नकाशावर कुठे बसते हे शोधण्यात माझे कितीतरी दिवस गेले आणि खरं सांगायचं तर फार मजेत गेले.

माझ्या शेजारच्या टेबलावर शिर्के. हा गृहस्थ आधी एका दैनिकात फोटोग्राफर होता. फोटोतल्या खांबाची सावली बघून तो साधारण वेळ सांगायचा, आणि माझ्या डब्याचं झाकण उघडायच्या आत भाजी ओळखायचा. दोन्हींत त्याची चूक क्वचितच व्हायची.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची यायची. एकदा एका वृत्तवाहिनीच्या निर्मात्याचा घायकुतीला येऊन फोन आला. "मॅडम, शेजारी देश रेल्वेने रणगाडे सीमेवर नेतोय. व्हिडिओ पाठवलाय. तुम्ही फक्त खात्री झाली एवढं लिहून द्या, आम्ही लगेच चालवतो." व्हिडिओत खरंच एक लांबलचक मालगाडी होती आणि तिच्यावर ताडपत्रीत गुंडाळलेले रणगाडे. शिर्केने आवाज मोठा केला. मागून एका बाईचा आवाज आला, "अगो बाय, ह्ये बग केवरं मोठं! नवरीवानी झाकलंय!" दुसरी तिला म्हणत होती, "सरक ना वाईच, मना बी बगू दे." शिर्के माझ्याकडे बघायला लागला आणि मी त्याच्याकडे. गाडी आपली, रणगाडे आपले आणि जागा ठाकुर्लीच्या अलीकडची. मागचा पादचारी पूल मी कल्याणच्या कॉलेजात असताना रोज जाता-येता बघितलेला होता. निर्मात्याला हे सांगितलं. मग त्याने अगदी मऊ आवाजात विचारलं, "मॅडम, आवाज बंद करून दाखवलं तर?"

आम्ही पोट धरून हसलो. कर्नलसाहेब तेवढे हसले नाहीत. "गाडी आपली निघाली म्हणजे तर जास्तच वाईट," एवढंच म्हणाले आणि केबिनमध्ये गेले. ते असं का म्हणाले ते मला तेव्हा पुरतं कळलं नाही.

माझं सगळ्यात गाजलेलं काम मात्र एका मेहंदीवालीमुळे झालं. शेजारच्या देशातल्या एका छावणीच्या गावात ही बाई नवरीच्या हातावर मेहंदी काढायची आणि त्याचे फोटो टाकायची. तिची नक्षी सुंदर होती, म्हणून मी तिचं पान आवडीनेच बघायचे. एका आठवड्यात तिने जाहीर केलं, की अमक्या-तमक्या नवरीमुलींच्या तारखा अलीकडे आल्या आहेत, नवरदेवांची सुट्टी कमी झाली आहे, बाकीच्यांनी सांभाळून घ्यावं. खाली मुली लिहीत होत्या, आमचंही तसंच झालं गं. सगळे नवरदेव एकाच पलटणीतले. शिर्केने तिथल्या लग्नाच्या हॉलचं आणि आचाऱ्याचं पान शोधून काढलं. तिकडेही तीच धावपळ. ही पलटण लवकरच हलणार, असं आम्ही लिहून दिलं, आणि ती हलली.

कर्नलसाहेबांनी बालूशाही आणली. मी हवेत होते. पण त्या नवरीमुलींपैकी एकीने फोटोखाली लिहिलं होतं, की मेहंदीत याचं नाव लपवलंय, जायच्या आधी त्याला सापडतं का बघू. तिच्या लग्नाच्या घाईतून मी माझी बातमी काढली होती. ते माझं कामच होतं आणि मी ते पुन्हाही केलं असतं, तरी ती मुलगी मनातून गेली नाही, अजूनही गेलेली नाही.

मग आमच्याकडे एक उलटं काम आलं. कुणाकडून आलं ते मी सांगणार नाही. काम असं, की शत्रूच्या जागी बसून आपल्याकडे बघा आणि आपल्या सैन्याची माहिती आपल्याच घरांतून किती बाहेर सांडतेय ते कळवा. मी डोंबिवलीची, म्हणून मला कल्याणपासून मानपाड्यापर्यंतचा टापू मिळाला. मी कर्नलसाहेबांना म्हटलंसुद्धा, "आमच्याकडे काय सापडणार? क्लासेस आणि पोळीभाजी केंद्रं."

दुपारच्या चहाच्या आत सापडलं. मानपाड्याच्या अलीकडच्या एका गावातल्या डीजेवाल्याचं पान होतं. आमच्या भागातल्या आगरी गावांची हळद ज्याने बघितली नसेल त्याला सांगते, लग्न एक वेळ साधं होईल, हळद साधी होणार नाही. सगळा गाव नाचतो, सगळ्या गावाला जेवण असतं, आणि हल्ली फोनवरून थेट प्रक्षेपणही असतं. तर या डीजेवाल्याने लिहिलं होतं, की फौजी भावांची सुट्टी रद्द झाल्यामुळे आपल्या गावातल्या तीन हळदी अलीकडे घेतल्या आहेत, बाकी मंडळींनी समजून घ्यावं. मी ते पुन्हा एकदा वाचलं. वाक्यसुद्धा जवळपास त्या मेहंदीवालीचंच होतं.

त्याखाली नाक्यावरच्या फ्लेक्सचा फोटो. गणवेशातले तीन जवान, त्यांच्या वर हात जोडलेले गावचे भाई, आणि ठळक अक्षरांत पलटणीचं नाव, कुठे निघाले, कोणत्या तारखेला, कोणत्या गाडीने. शुभेच्छुक म्हणून अर्ध्या गावाची नावं. मधला जवान रूपेश, माझ्या जनीमावशीचा मुलगा.

जनीमावशी आमच्या बिल्डिंगमध्ये मासे घेऊन येते. माझं लग्न झाल्यापासून येते. रूपेश शाळेत असताना माझ्याकडे बसून नकाशे भरायचा आणि नदी नेहमी डोंगर चढवून न्यायचा. बाप लवकर गेला. मावशीने पाटी डोक्यावर वाहून त्याला वाढवला आणि तो सैन्यात गेला त्या दिवशी तिने सगळ्या बिल्डिंगला फुकट कोलंबी वाटली होती. आता तो कुठे, कधी आणि कशाने जाणार हे सगळ्या जगाला वाचायला ठेवलेलं होतं. आणि मला ठाऊक होतं, की पलीकडेही माझ्यासारखी एखादी बाई चष्मा पुसून बसलेली असणार. ती काही माझ्यापेक्षा कमी हुशार असणार नाही.

मी कर्नलसाहेबांना सगळं दाखवलं. अहवालात नावं गेली असती तर त्या तीन मुलांची चौकशी लागली असती, आणि त्यांनी तर घरच्यांना गप्प राहायला सांगितलेलं असणार. साहेबांनी चहा संपवला. मग म्हणाले, "तारीख फुटली आहे, एवढं मी आत्ताच वर कळवतो. ते थांबवता येणार नाही. कुणाच्या घरातून फुटली, ते अहवालात, आणि अहवाल उद्या संध्याकाळी जाईल. त्या वेळी चव्हाट्यावर जे असेल ते त्यात असेल."

"आणि नसेल तर?"

"नसलेलं तुम्ही कसं लिहाल, बाई?"

मी तडक रिक्षा केली. मावशीच्या अंगणात मांडव पडला होता, बायका लसूण सोलत होत्या. नाक्यावरचा फ्लेक्स मावशीच्या घरापेक्षा उंच होता. मला बघून मावशी उठलीच. "ये गो ताय! हलदीला आलीस? परवा हाय ना हलद!"

"मावशी, तो फ्लेक्स उतरव. आणि फोनवरून हळद दाखवू नकोस."

तिला आधी गंमत वाटली. मग ती चिडली. "उतरव? भाईंचा फोटू हाय त्यावं! उतरवला त भाई परत आमचे दारान येल काय? आनि माझी बहीन उरनला, गुरघे गेलेत तिचे, ती फोनवंच बगनार ना हलद. एकुलता पोऱ्या माझा. मी कवा काय मिरवलंय सांग!"

ती म्हणत होती त्यात काही खोटं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा तिला मिरवायला मिळत होतं आणि ते हिसकावायला मी आले होते. मला फार वाईट वाटलं. पण मी विचारलं, "मावशी, रूपेश कुठे जाणार, हे तू मला कधी सांगितलंस?"

"नाय बाय. तो बोलला, कोनाला सांगाचा नाय. मी कोनाला नाय सांगलं."

"मग ऐक." आणि मी तिला सांगितलं. पलटण सांगितली, दिवस सांगितला, गाडी सांगितली, कुठे गाडी बदलणार ते सांगितलं, बरोबर कोण दोघे ते सांगितलं, आणि बॅगेत वरच्या कप्प्यात सुके बोंबील बांधून दिलेत हेही सांगितलं. बायकांचे लसणावरचे हात थांबले.

"तुना कोनी सांगलं?" मावशीने विचारलं.

"तूच. फ्लेक्सने, डीजेने, आणि दादाची बॅग भरली म्हणून फोटो टाकणाऱ्या तुझ्या पुतणीने. मी खुर्चीत बसून वाचलं, मावशी. मला वाचता येतं तसं वाईटावर असलेल्यालाही येतं."

ती ओट्यावर बसली. "म्हंजे मीच माझे पोराला..." म्हणाली. मी तिच्याजवळ बसले आणि तिचा हात धरला. मलाही रडू आलं, लपवलं नाही. इतकी वर्षं मी हे काम केलं, पण मी वाचलेलं ज्याच्या घरचं आहे त्याच्या समोर बसून सांगायची वेळ कधी आली नव्हती.

मग मावशीने नाक पुसलं, पदर खोचला आणि ती उठली. तिथून पुढे मला काहीच करावं लागलं नाही. तिने भाईंना फोन लावला. भाई भडकणार अशी सगळ्यांना धास्ती. मावशी म्हणाली, "भाई, त्या फ्लेक्सवं तुमचा फोटू लय बारका आलाय. बरा नाय दिसत. पोरांचे फोटू काडा, अक्षरा काडा, अख्ख्या फ्लेक्सवं तुमी एकलेच पायजे." भाईंना ते इतकं पटलं, की अंधार पडायच्या आत नवा फ्लेक्स चढला. त्यावर भाई होते, जोडलेले हात होते आणि खाली हळदीच्या शुभेच्छा. कुणाच्या हळदीच्या, ते लिहायला जागा उरली नव्हती.

डीजेवाल्याला तिने सांगितलं, "ते लिवलेलं काड, नायतर तुजे लगनाला मावऱ्याचा काटा पन मिलनार नाय." त्याने काढलं. पुतणी मुसमुसली, पण तिनेही काढलं. शेवटचा अडसर आला तो धवलारणीचा. लग्नात धवळे गाणारी ही म्हातारी, हिने रूपेशच्या हळदीसाठी नवं गाणं जुळवलं होतं आणि त्यात तो निघाला त्या गावाचं नाव आणलं होतं. मावशीने सांगितलं, आजी, ते नाव वगळून गा. आजी रागावली. "मंग जुलवू कशाशी?" बराच खल झाला आणि शेवटी गाण्यातला रूपेश मामाच्या गावाला गेला. मामा खालापूरचा.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी आणि शिर्केने पुन्हा सगळं धुंडाळलं. पुसलेलं सगळंच पुसलं जात नाही, कुणी आधीच उतरवून घेतलं असेल तर आपल्या हातात काही नाही, हे आम्हाला पक्कं ठाऊक होतं. तरी उघड्यावर काही उरलं नव्हतं. मी अहवालात लिहिलं, की या टापूत नोंद घेण्यासारखं काही आढळलं नाही, पण जवानांच्या घरच्यांना प्रेमाने बसवून समजावायची गरज आहे. कर्नलसाहेबांनी वाचला आणि सही केली. पाठवायच्या आधी ते म्हणाले, "तारीख आणि गाडी बदलल्याचं कळतंय." माझा जीव भांड्यात पडला.

हळद अशी झाली, की त्या गावात अजून तिचं नाव निघतं. मांडवाच्या दारात मावशी हिरवं लुगडं नेसून उभी, आणि पुढ्यात तिची मासे विकायची पाटी. "फोन ठेव, मंग आत जा." पाहुणा असो, पुढारी असो, कुणालाही माफी नाही. भाईंनी दोन फोन काढून ठेवले. बघता बघता पाटी भरली. आतून कुणाचा तरी फोन वाजला की मावशी पाटीला दटावायची, "गप ऱ्हा!" उरणच्या बहिणीला तिचे जावई टेम्पोतून घेऊन आले आणि तिन्ही नवरदेवांनी तिला प्लास्टिकच्या खुर्चीसकट उचलून मांडवात नेलं. फोनवर बघणार होती ती म्हातारी खुर्चीत बसल्या बसल्या दोन्ही हात वर करून नाचली. फोटो काढायला कुणाकडे काही नव्हतं, त्यामुळे सगळेच नाचत होते. मीही नाचले. शिर्केला बोलावलं होतं, तो जेवणापुरता आलेला आणि शेवटपर्यंत थांबलेला. आमच्या फोनांना पुढचा आठवडाभर सुरमईचा वास येत होता.

मुलं गेली. पुढे सीमेवरचं वातावरण तापलं. टीव्हीवर रोज आरडाओरडा सुरू झाला. मला त्या भागाचे डोंगर पाठ होते, रोज नवी छायाचित्रं येत होती, मनात आणलं असतं तर थोडाफार माग काढता आला असता. मी तो नकाशा उघडला नाही. मला रूपेश सापडला असता, तर तो आणखी कुणालाही सापडण्यासारखा आहे हे मला कळलं असतं, आणि ते घेऊन मला जगता आलं नसतं. मावशीही यायची बंद झाली होती. खालचा वॉचमन म्हणायचा, तिची तब्येत बरी नाही.

एका सकाळी बेल वाजली. दारात मावशी. वाळली होती. तिने पाटी खाली ठेवली, वरचं फडकं बाजूला केलं.

"मावशी, रूपेश कसा आहे? फोन आला का गं?"

तिने जिन्यात वर-खाली बघून घेतलं. "मांदेली घेतस का कोलबी?"

"मावशी, मी काय विचारतेय?"

"आयकलं मी. मांदेली का कोलबी?"

माझ्या तोंडात आलं होतं, अगं, मला तरी सांग. मग लक्षात आलं, हिला गप्प राहायला शिकवलं कुणी? मीच. मी मुकाट्याने कोलंबी घेतली. तिने मोजूनमापून वाटा लावला, एक कोलंबी जास्त नाही. पाटी उचलायला मी हात लावला, तेव्हा ती माझ्या कानाशी वाकली.

"जेवला तो," ती म्हणाली. "पोट भरून जेवला."

कुठे, कधी, कुणाबरोबर, यातलं एक अक्षर तिने सांगितलं नाही. जिना उतरून गेली. मी दार लावून कोलंबी सोलायला बसले. डोळे वाहत होते आणि पुसायला एकही हात मोकळा नव्हता.